मागे बटणं असलेलं टोपडं

१२ जून २०१७

सातवीत असताना मी आणि कुमुद दुपारी बोर्डिंगच्या नळाखाली डबे धुवायचो. राखेने घासायचं, विसळायचं, मग उरलेलं पाणी एकमेकींच्या अंगावर उडवायचं. एकदा कुमुद म्हणाली, “नले, तुह्या डब्याले भोक पडलं नं!” आणि नेमक्या सिस्टर मागे उभ्या. कॉन्व्हेंटच्या आवारात मराठी बोललं की लाकडी पट्टी मिळायची. बोलणारीलाही आणि ऐकणारीलाही. त्या दिवशी आम्ही दोघी पायरीवर बसून एकमेकींच्या लाल तळव्यांवर फुंकर घालत होतो आणि हसत होतो. कुमुदच्या श्वासाला पेरूचा वास येत होता. कशाला हसत होतो, देव जाणे.

आज हे सगळं प्रेम राठोडला सांगितलं. प्रेम कापसाच्या जिनिंगमध्ये गठाणी बांधायच्या मशीनवर कामाला आहे, डोंगरसिंग या बंजारा तांड्यावरून येतो. त्याची मुलगी रोशनी जन्मापासून बहिरी. मागच्या हिवाळ्यात सरकारी योजनेतून नागपूरला तिचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. आता कानामागे यंत्र आणि डोक्याला चिकटणारं चुंबक. ऐकू येतं, पण ऐकलेल्याचा अर्थ लागायला शिकवावं लागतं, आणि त्यासाठीच निवृत्तीनंतर मी घराच्या पुढच्या खोलीत हा वर्ग काढला. यवतमाळच्या मूकबधिर शाळेत आयुष्य गेलं. तेव्हा आम्ही ओठ वाचायला शिकवायचो. आता मुलांना कानाने शिकवता येतं. साठीला आल्यावर असं काही हातात यावं!

प्रेमने विचारलं होतं, “बाई, तुम्ही तं आमच्या दिग्रसच्याच. मंग इंग्रजी एवढी फाडफाड कशी काय येते?” म्हणून मी पट्टीची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, “मार खाल्ला, म्हणून आली बघ.” तो खूप हसला. त्याची बायको उज्ज्वला हसली नाही. तिचं माहेर किनवटच्या पलीकडे, मराठी बेताचं. बहुतेक तिला कळलं नाही.

मग मी नियम सांगितला. घरात एकच भाषा. मुलीच्या कानाला आधीच उशीर झालाय, दोन भाषांचा गोंधळ नको. शाळा मराठी, तेव्हा मराठीच.

“घरी आम्ही गोरबोली बोलतो. ते बंद?”

“वर्षभर तरी बंद.”

“झालं. आजपासून बंद,” प्रेम म्हणाला आणि उज्ज्वलाकडे बघितलं. “आयकलं नं वो?”

असे बाप फार थोडे. बाकीचे बायकोला पाठवतात आणि स्वतः बाहेर मोटरसायकलवर बसून राहतात. रोशनी सव्वाचार वर्षांची आहे. पाचच्या आत भाषा धरली तर धरली. पुढे कान ऐकतो, पण जीभ वळत नाही. ही मुलगी बोललीच पाहिजे.

२७ जून

रोज सुरुवातीला ध्वनींची चाचणी घेते. मुलीच्या मागे बसायचं, तोंडासमोर कागद धरायचा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत आणि श्वासही मानेला लागणार नाही. आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आलं की मुलीने डब्यात मणी टाकायचा. आज ‘स’ सोडून सगळे मणी पडले. ‘स’ तसा उशिराच येतो.

आणि पहिला शब्द! “गप.” अगदी स्पष्ट. साधारणपणे मुलं ओठांवरून सुरुवात करतात, आई, बाबा, पापा. हिने थेट कंठातला ‘ग’ काढला. मी मैत्रेयीला फोन केला. मैत्रेयी माझी भाची, यवतमाळला शिक्षिका आहे आणि शनिवारी माझ्या मदतीला येते. ती म्हणाली, “आत्या, पहिलाच शब्द ‘गप’?” मी म्हटलं, अगं, शब्द कुठला याला महत्त्व नाही, कंठ उघडला याला आहे.

१४ जुलै

उज्ज्वलाचा वरचा ओठ सुजलेला. निंदण करताना कपाशीच्या पऱ्हाटीचं लागलं म्हणाली. हळद लावायला सांगितली. अडचण अशी की सुजलेल्या ओठामुळे तिचे प, ब, म नीट निघत नाहीत आणि मुलीला चुकीचा नमुना मिळतो. तसं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली.

तिचं वर्गात लक्षही नसतं. काही विचारलं की चेहऱ्याची डावी बाजू पुढे करते आणि “हां?” म्हणते. दोनदा विचारल्याशिवाय उत्तर नाही. प्रेम मात्र रोजच्या रोज हिशेब ठेवल्यासारखा सांगतो: आज घरात गोरबोलीचा एक शब्द नाही, बाई. आज दोन निघाले, दोन्ही हिच्या तोंडून.

“सवय आहे, वेळ लागेल,” मी म्हटलं.

“लागते कायले वेळ? मी लावतो नं सवय.”

२ ऑगस्ट

रोशनी घरी चुंबक काढून फेकते. तेही संध्याकाळीच, बाप कामावरून आला की. एकदा चुलीच्या राखेत सापडलं, एकदा शेळीच्या खोपटात. प्रेम अगदी रडकुंडीला आला होता. दिवसभर ऐकून मेंदू थकतो, घामाने खाज सुटते, अशी कारणं असतात. पण एवढं महाग यंत्र! आणि संध्याकाळ हीच तर बापाशी बोलायची वेळ.

२२ ऑगस्ट

आज तान्हा पोळा. वर्गातली चारही मुलं आपापले लाकडी बैल सजवून घेऊन आली. मी प्रत्येकाला जिलबी दिली आणि बैलाचं नाव सांगायला लावलं.

रोशनीने बैल बाजूला ठेवला आणि कोपऱ्यातली बाहुली उचलली. वेणीला धरून ओढत आणली, जमिनीवर पाडली आणि बैल तिच्या तोंडावर आपटत म्हणाली, “बोल! बोल! बोल!” आज्ञार्थ, तोही अचूक हेलात! एका दमात तीनदा! मी टाळ्या वाजवल्या. वर्गात मी दिवसभर ‘बोल, बोल’ म्हणत असते, तेच पोरीने उचललं. बाहुलीचा एक डोळा निघाला. डिंकाने चिकटवेन.

उज्ज्वला दाराशी उभी राहून बघत होती. तिने पदर दातांत धरला होता. मी म्हटलं, “बघा, कशी बाई झाली!” ती वळून बाहेर चप्पल शोधू लागली.

८ सप्टेंबर

चुंबकावर तोडगा काढला. मलमलीचं टोपडं शिवलं, कानांपाशी जाळी लावली म्हणजे आवाज आत जाईल. गाठ हनुवटीखाली घेतली तर मुलं सोडतात, म्हणून मागे मानेवर बटणं लावली. लहान हात तिथे पोचतात, पण काजं घट्ट ठेवली. कडेला पिवळ्या धाग्याने फुलं काढली. सिस्टरांनी शिकवलेला टाका अजून हाताला आठवतो.

प्रेमने टोपडं उलटसुलट करून बघितलं. “जबरदस्त काम केलं, बाई. आता हे मशीन काई निघत नाही.”

रोशनी टोपडं घालून घेताना इतकी ओरडली, की शेजारच्या रुपीबाई बघायला आल्या.

५ ऑक्टोबर

दिवस वाईट आहेत. बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. लोक जास्तच जालीम औषधं फवारतात आणि फवारणारेच पडतात. डोंगरसिंग तांड्यावरचा फकिरा परवा शेतातून आला तो भिंती चाचपडत. डोळ्यांपुढे अंधार, तोंडातून फेस. ऑटोत घालून नेला, अजून शुद्धीवर नाही. जिनिंगला माल नाही. प्रेम दिवसभर घरीच असतो. मी म्हटलं, त्यातल्या त्यात बरं, मुलीला बापाचा सहवास मिळतो.

रोशनी मात्र मागे चालली आहे. चाचणीत एकही मणी टाकत नाही. यंत्र तपासलं, ठीक आहे. आवाज पोचतोय, ती घेत नाही. मणी मुठीत घट्ट धरून बसते. आज मी जरा मोठ्याने ‘आ’ म्हटलं, तर तिने चड्डीत लघवी केली. चुंबकाच्या जागी सूज आहे. प्रेम म्हणतो, भिंतीवर डोकं आपटते. हट्ट. मी सूज उतरेपर्यंत शेकायला सांगितलं.

१७ ऑक्टोबर

दुपारी उज्ज्वला एकटीच आली. उंबऱ्यावर उभी राहिली, आत येईना. चालत आली असावी, पायांवर धूळ.

“बाई, टोपडं… काढू?”

“अजिबात नाही. मुलीचे डोळे उघडे आहेत तोवर यंत्र चालू राहिलं पाहिजे.”

“घरी आवाज लय होते.”

“आवाज चांगलाच असतो, उज्ज्वला. घरातले सगळे आवाज तिने ऐकायला हवेत.”

तिने डावा कान पुढे केला. मी पुन्हा सांगितलं. मग ती काहीतरी बोलली, तिच्या बोलीत, लांबलचक, थांबत थांबत. मला ‘छोरी’ एवढा एकच शब्द समजला. मी हसून म्हटलं, “मराठीत, मराठीत!” तिने तोंड मिटलं. तिच्यासाठी दिवाळीचे चार अनारसे बांधत होते, तेवढ्यात ती गेली.

१६ नोव्हेंबर

डावा हात प्लास्टरमध्ये आहे. उजव्याने लिहिते आहे. जे झालं ते, घडलं त्या क्रमाने लिहायचं.

शनिवारी, अकरा तारखेला, न सांगता तांड्यावर गेले. मुलगी घरी कशी ऐकते हे बघायचं होतं. घरी जाणं हा आमच्या कामाचा भागच. रस्त्याकडेच्या शेतांत लोकांनी उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली होती. दुपारचे बारा वाजले असतील.

दार लोटलेलं होतं. बाहेर चप्पल काढताना प्रेमचा आवाज आला. “बाटी नाही, भाकर! बोल, भाकर!” आणि मग धप्प असा आवाज. पुन्हा “बोल, भाकर!” आणि पुन्हा धप्प. मुलांच्या कानांशी इतकी वर्षं काम केलं, कुठला आवाज कशाचा हे मला कळतं. तो माणसाच्या अंगाचा आवाज होता.

मी दार ढकललं. उज्ज्वला चुलीपाशी पालथी पडलेली. तिची वेणी प्रेमच्या मुठीला गुंडाळलेली. दुसऱ्या हातात पट्टा. परातीत पीठ, पिठात रक्ताचे थेंब. आणि माठाजवळच्या कोपऱ्यात रोशनी. दोन्ही हात मानेमागे नेऊन ती बटणं ओरबाडत होती. मी लावलेली बटणं. एका बोटाचं नख उलटलं होतं. पिवळी फुलं लाल झाली होती.

मला बघून प्रेमने वेणी सोडली. शरमला नाही. खुर्ची पुढे ओढली. “या बाई, बसा. तुमचंच चालू हाय. पोरीच्या समोर गोरबोली बोलली हे आज.”

“काय करतोस हे?”

त्याला खरंच समजलं नाही. “तुम्हीच तं सांगतलं नं! बोलणारीले बी पट्टी अन् आयकणारीले बी. मार खाल्ला म्हणून तुम्हाले भाषा आली. हिले बी येते का नाही बघा.”

मी कोपऱ्यात गेले. बटणं माझ्या हातांनाही सुटेनात, तेव्हा दातांनी दोरा तोडला. टोपडं काढलं, चुंबक काढलं. रोशनीचे खांदे खाली आले. श्वास सुटावा तशी ती माझ्या पोटाला चिकटली.

“टोपडं नका काढू, बाई. आयकू द्या तिले.”

“नाही ऐकणार ती हे.”

“मशीन लावा!”

“नाही लावणार.”

“दोन वर्सं झाले नागपूरच्या चकरा मारून राह्यलो मी! माही पोरगी मुकी राह्यली पाह्यजे काय? लावा!” दारामागे बैलगाडीची उभारी, कडेचा जाड दांडा, टेकवलेली होती. ती त्याच्या हातात कधी आली ते मी पाहिलं नाही. रोशनीवर हात घालायला तो पुढे झाला. मी डावा हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज कानांनी नाही, दातांत ऐकू आला.

दुसरा घाव माझ्या डोक्यावर यायचा होता. उज्ज्वला उठली कधी, आमच्या अंगावर येऊन पडली कधी, कळलं नाही. तो घाव तिच्या डोक्यात बसला. तिचं रक्त माझ्या चष्म्यावर आलं.

आणि रोशनी ओरडली, “याडी!”

कानावर यंत्र नव्हतं. तिला स्वतःचा आवाजही ऐकू आला नसेल. याडी म्हणजे आई. पाच महिने त्या घरात बंदी असलेला शब्द. तिने तो कधी उचलला, कुठे जपून ठेवला होता? “याडी! याडी!” तांडाभर ऐकू गेलं.

प्रेम थांबला. उभारी हातातच होती. म्हणाला, “बोलली.” हसला सुद्धा. “बाई, पोरगी बोलली!” आणि त्याच वेळी त्याची आई लालीबाई मागल्या दाराने आत आली. सूनबाईकडे तिने एकदाच बघितलं आणि हातातला विळा पोराच्या मनगटावर ओढला. उभारी पडली. मग बायका आल्या. तांड्याचे नाईक अमरसिंग आले. बैलांच्या दाव्याने प्रेमला खांबाला बांधलं, पोलीस येईस्तोवर. त्याच्या मनगटातून रक्त गळत होतं आणि तो लहान मुलासारखा रडत होता. “पोरीसाठीच केलं नं वो बाई. तुम्ही सांगा नं यायले. पोरीसाठीच केलं.”

ते खरं होतं. हेच मला सोसवत नाही.

२१ नोव्हेंबर

यवतमाळच्या इस्पितळात उज्ज्वला शुद्धीवर आली. डोक्याला टाके. डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या कानाचा पडदा फाटलेला आहे. आताचा नाही, जुना. थोबाडीत मारल्याने होतो असा. जुलैपासून ती डावा कान पुढे करत होती आणि मी लिहिलं, लक्ष नसतं. आधीची पानं आज वाचली. ओठाबद्दलचं पान फाडायला धरलं आणि सोडलं. पानं फाडणार नाही.

पोलिसांनी विचारलं, “बाई, तुम्हाला आधी काही कल्पना?” मी म्हटलं, “सगळं माझ्यासमोर होतं.” तो जमादार लिहिताना थांबला आणि म्हणाला, “म्हणजे नव्हती असं लिहितो.” मी त्याला तसं लिहू दिलं नाही.

लालीबाईने पोराविरुद्ध जबाब दिला, अंगठा उठवला. बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “त्याचा बाप बी असाच होता. तवा मी विळा नाही उचलला.” मग तिने पिशवीतून भाकर काढून अर्धी मला दिली.

रोशनी माझ्याकडे आहे. यंत्र तिच्या उशाशी ठेवलेलं असतं. मी लावत नाही. आज सकाळी दवाखान्यात तिने ते स्वतः फ्रॉकच्या खिशातून काढलं, डोक्याला चिकटवलं आणि आईच्या खाटेवर चढून तिच्या तोंडाशी कान नेला. उज्ज्वला तिच्या बोलीत बोलत राहिली, कुजबुजत, थांबत थांबत. मी बाहेर गेले. ते माझ्यासाठी नव्हतं.

३ डिसेंबर

प्रेमला जामीन मिळाला. पुसदला चुलत्याकडे राहतो. निरोप आला आहे: पोरगी त्याची आहे, यंत्रही त्याचंच, तो दोन्ही घेऊन जाणार आणि मध्ये येईल त्याला जाळणार. काल माझ्या अंगणात रॉकेलचा रिकामा डबा सापडला. रुपीबाई म्हणतात, भंगारवाल्याचा असेल. वास ताजा होता.

उद्या पहाटेच्या गाडीने उज्ज्वला आणि रोशनीला घेऊन मी उज्ज्वलाच्या माहेरी जाते. पोलिसांना कळवलं आहे. कान उघडला आहे, शिकवणारी लागेलच, तेव्हा मीही तिथेच राहीन. तिथे सगळे गोरबोलीच बोलतात. आधी मला शिकावी लागेल. उज्ज्वला म्हणते, “बाई, तुमची जीभ नाही वळणार.” पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं. साक्षीसाठी कोर्टात परत येईन. तोवर, आणि आलेच नाही तरीही, मैत्रेयी, हे पान तुझ्यासाठी.

वर्ग तू चालव. मणी, डबे, घंटा, डफ सगळं तुझं. तोंडापुढे धरायचा कागद आता ठेवू नकोस. मुलांना चेहरा दिसू दे. पालक आले की विचार, लेकराला कुठल्या भाषेत झोपवता? त्याच भाषेत बोला म्हणावं. आणि आईचे कान बघ, हात बघ, मग मुलाचे.

बॅटरीचं न फोडलेलं खोकं पुसदच्या जाधवांच्या मुलाला. त्याचं यंत्र त्याच जातीचं आहे. कपाटातला लाकडी बैलांचा जोड वर्गातल्या लहान्या वैष्णवीला. तिचा बैल मोडला आहे.

शिलाईचं मशीन रुपीबाईंना. त्यांनी टोपड्याचा नमुना मागितला तर देऊ नकोस. टोपडं पोलिसांकडे आहे, मुद्देमाल म्हणून. परत द्यायला आले तर सही करून घे आणि तू स्वतः जाळ.

ही वही सरकारी वकिलांना दे. आधीची पानं आधी वाचू देत.

फकिराची बायको अजून दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. माझी दोन्ही ब्लँकेटं आणि थर्मास तिला. तिला विचारत बसू नकोस, नेऊन ठेव.

प्रेमला काही नाही. तो दारात आला तर दार उघडू नकोस. खिडकीतून विचारलंच, पोरगी बोलते का, तर बोलते एवढंच सांग.

माझा मोबाइल लालीबाईला. तांड्यावर कोणी तिच्याशी बोलत नाही सध्या, पोराला पकडून दिलं म्हणून. हिरवं बटण कुठलं ते दाखव, चार्जिंग अमरसिंगांच्या घरी कर म्हणावं. दर रविवारी दुपारी त्यावर उज्ज्वलाच्या माहेरून फोन येईल. पलीकडून लगेच कोणी बोललं नाही तर फोन ठेवायचा नाही, हे तिला नीट समजावून सांग. पोरगी आधी ऐकते. मग बोलते.